आर्नोकाठचा संगम आणि मंजरथचा संगम

१/ बीडहून मांजरसुंब्याकडे निघाले की बालाघाटाच्या पायथ्याशी पाली लागते. बिंदुसरा नदीवरचे धरण याच गावाजवळ आहे. चांगला पाऊस झाला की सांडव्यावरून पाण्याची चादर पडू लागते आणि ती पाहायला बीड शहर लोटते. या गावचे एक निवृत्त पाटकरी आणि त्यांची पत्नी युरोपात नोकरी करणाऱ्या लेकीकडे गेले, तेव्हा फ्लॉरेन्स शहरात त्यांची गाठ कोल्हापूरच्या एका छत्रपतींशी पडली. ते छत्रपती १८७० साली तेथे वारले होते. हा धागा त्या दोन प्रवासांचा.

२/ लेक म्यूनिकला स्थिरावून आठ वर्षे झाली होती. दर वर्षी ती बोलावी आणि दर वर्षी पालीहून नवे कारण निघे. कधी कापूस वेचणीला आलेला असे, कधी आईचे गुडघे, कधी पासपोर्ट. खरे कारण वडिलांनी एकदाच, तेही पत्नीपाशी बोलून दाखवले होते. छातीचे दुखणे जुने; तिकडे काही बरेवाईट झाले तर मंजरथाला कोण नेणार?

३/ मंजरथ म्हणजे माजलगाव तालुक्यातील सिंधफणा आणि गोदावरीचा संगम. बिंदुसरा सिंधफणेला मिळते, सिंधफणा गोदेला. पालीच्या धरणातून सुटलेले पाणी अखेर मंजरथावरूनच पुढे जाते. ज्या माणसाने उभी हयात पाटाच्या दारांवर काढली, त्याला आपल्या अस्थींची वाटही पाण्याच्या वाटेसारखी ठरलेली असावी असे वाटणे स्वाभाविक होते. लेकीला यातले काहीच ठाऊक नव्हते. तिने दोघांची तिकिटे काढली, विमा उतरवला, औषधांची यादी करून घेतली आणि आईवडील एकदाचे आले.

४/ पंधरा दिवसांच्या सुटीचा आराखडा तिने दिवसवार आखला होता. म्यूनिकहून आगगाडीने इन्सब्रुक, ब्रेनर खिंड, व्हेरोना, बोलोन्या आणि फ्लॉरेन्स. ब्रेनरवरून जाणारा हा लोहमार्ग १८६७ साली सुरू झाला. गाडी आल्प्स चढत होती आणि आई डबा उघडून धपाटे वाढत होती. खिडकीतून दिसणारा प्रत्येक ओढा कोणत्या अंगाला वाहतो, याकडे वडिलांचे लक्ष होते. खिंड ओलांडल्यावर पाणी उलट दिशेला वाहू लागले, हे त्या डब्यात कदाचित त्यांच्या एकट्याच्याच ध्यानात आले असावे.

५/ फ्लॉरेन्समध्ये लेकीने सर्वप्रथम कॅथेड्रलचा घुमट दाखवला. ब्रुनेलेस्की याने १४२० ते १४३६ या काळात, खालून लाकडी आधाराचा सांगाडा न उभारता, विटांच्या माशाच्या काट्यासारख्या तिरकस थरांनी तो पेलला. वडिलांनी मान वर करून पाहिले, ‘पक्कं काम आहे’ म्हणाले आणि बसायला पायरी शोधली. दुसऱ्या दिवशी उफिझी कलादालन झाले. बोत्तिचेल्लीची चित्रे झाली. लेक उत्साहाने सांगत होती, आईवडील आज्ञाधारक विद्यार्थ्यांसारखे ऐकत होते. पाहुण्यांचा हा आज्ञाधारकपणा यजमानाला सर्वांत जास्त दमवतो.

६/ वडील खुलले ते आर्नो नदीच्या काठी. शहरातील अनेक भिंतींवर, माणसाच्या डोक्याहून कितीतरी उंच, संगमरवरी पाट्या बसवलेल्या दिसतात. ४ नोव्हेंबर १९६६ च्या पुरात पाणी कोठवर चढले होते, त्या पातळीच्या या खुणा. त्या पुरात माणसे गेली, ग्रंथालयांतील लाखो ग्रंथ चिखलात बुडाले. वडिलांनी पाटीवर दीर्घकाळ नजर ठेवली. १९८९ साली बिंदुसरा बीड शहरात शिरली होती, त्याची आठवण त्यांनी काढली. ‘आपल्याकडं अशी पाटी लावायला पाहिजे होती,’ ते म्हणाले. ‘लोक पाणी विसरतात.’

७/ त्या संध्याकाळी लेकीच्या मोबाइलवर नकाशा उघडा होता. नदी पश्चिमेला कोठे जाते, हे वडील बोटाने सरकवत पाहत होते. एका ठिकाणी बोट थांबले. पुलाच्या नावात ‘इंडियानो’ असा शब्द होता.
‘बाई, हा इंडियानो कोण?’
लेक फ्लॉरेन्सला तिसऱ्यांदा आली होती. तिला सांगता येईना. तिने शोधले, वाचू लागली आणि वाचता वाचता तिचा आवाज मंदावला.

८/ तो ‘इंडियानो’, म्हणजे हिंदी माणूस, कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे). ताराराणींचे पती राजाराम ते हे नव्हेत. हे त्यांच्या नंतरचे. जन्म १८५० चा, पाटणकर घराण्यातला. १८६६ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज त्यांच्याच नावाचे. १८७० च्या उन्हाळ्यात, अवघ्या विसाव्या वर्षी, ते मुंबईहून आगबोटीने युरोपला निघाले. समुद्रपर्यटनाने धर्म बुडतो असे मानणाऱ्या काळात एका छत्रपतींनी काळे पाणी ओलांडणे ही साधी गोष्ट नव्हती.

९/ त्यांना युरोप दाखवण्यासाठी सोबत होते कॅप्टन एडवर्ड वेस्ट हे ब्रिटिश अधिकारी. ही सहल अर्थातच निव्वळ सहल नव्हती. साम्राज्याचा थाट संस्थानिकाच्या डोळ्यांत भरावा, हा तिच्यामागील एक हेतू होता. महाराजांनी इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियाची भेट घेतली, पार्लमेंट पाहिले, विद्यापीठे पाहिली. दादाभाई नौरोजींना ते भेटले आणि पंजाबचे राज्य गमावून तेथे राहणाऱ्या दुलीपसिंगांनाही. या सर्व दिवसांची रोजनिशी ते इंग्रजीत लिहीत होते. त्यांच्या मृत्यूनंतर वेस्ट यांनी ती संपादित केली आणि १८७२ साली ती लंडनला प्रसिद्ध झाली.

१०/ परतीच्या वाटेवर इतिहास आडवा आला. जुलै १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले, सप्टेंबरात पॅरिसला वेढा पडला. महाराजांचा काफिला बेल्जियम, जर्मनी, ऑस्ट्रिया असा वळसा घेत इटलीकडे वळला. थंडी वाढत होती आणि महाराजांची प्रकृती खालावत होती. आल्प्स ओलांडून ते फ्लॉरेन्सला पोहोचले. तेव्हा फ्लॉरेन्स ही नव्या इटलीची राजधानी होती. रोम नुकतेच, सप्टेंबरात, इटलीच्या हाती आले होते. ३० नोव्हेंबर १८७० रोजी महाराजांनी तेथेच देह ठेवला.

११/ आता प्रश्न उभा राहिला अंत्यसंस्काराचा. कॅथलिक इटलीत दहनाला परवानगी नव्हती. महाराजांच्या सोबतची माणसे मात्र दहनावर ठाम होती आणि तेही दोन नद्यांच्या संगमावर. शहराच्या अधिकाऱ्यांनी अखेर विशेष परवानगी दिली. आर्नोला मुन्योने नावाची छोटी नदी मिळते, त्या टोकाशी, कासचिने उद्यानाच्या शेवटी, रात्री चिता रचण्यात आली. ही बातमी शहरात पसरली आणि लोक पाहायला जमले. युरोपातील आधुनिक दहनगृहांचा इतिहास वाचताना हे साल ध्यानात ठेवावे. मिलानच्या दहनगृहातील पहिले दहन जानेवारी १८७६ मधले, म्हणजे यानंतर पाच वर्षांनी झालेले.

१२/ १८७४ साली त्या जागी स्मारक उभे राहिले. चार्ल्स फुलर या इंग्रज शिल्पकाराने महाराजांचा रंगीत अर्धपुतळा घडवला. त्यावरील भारतीय धाटणीच्या छत्रीची रचना मेजर मँट यांची. कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यांनी आखला, तेच हे मँट. पुढे त्या परिसरालाच ‘इंडियानो’ हे नाव चिकटले आणि १९७८ साली जवळच झालेल्या मोठ्या पुलालाही तेच मिळाले. त्या पुलावरून रोज हजारो गाड्या धावतात. हा हिंदी माणूस कोण, असे त्यांतील किती जणांच्या मनात येत असेल?

१३/ दुसऱ्या दिवसाच्या आराखड्यात पिसाचा कलता मनोरा होता. लेकीला संगमाची जागा टाळायची होती. आजारी वडिलांना सुटीत स्मशान कशाला दाखवायचे, हा तिचा विचार. परंतु वडिलांनी प्रथमच स्वतःचे मत सांगितले. ‘मनोरा राहू दे. तिकडं जाऊ.’ ट्रामने कासचिने गाठून तिघे उद्यानातून पश्चिमेकडे चालू लागले. बाग लांबच लांब. आई दोनदा बसली. सायकलवाली मुले, कुत्री फिरवणारे म्हातारे आणि मधूनच झाडांआडून दिसणारी नदी. आतापर्यंत लेक पुढे आणि आईवडील मागे, असाच क्रम होता. त्या दिवशी वडील पुढे होते.

१४/ छत्रीखाली फेटा बांधलेला तरुण चेहरा दिसला. आईने वय विचारले. वीस, असे कळल्यावर तिने पदर सावरला. ‘लेकराची माय तिकडं वाट बघत असेल,’ ती एवढेच म्हणाली आणि पिशवीतील पाण्याच्या बाटलीतून चबुतऱ्याच्या पायाशी थोडे पाणी सोडले. वडील पुतळ्यापाशी फार थांबले नाहीत. ते थेट टोकाला गेले, मुन्योने आर्नोला मिळते तेथे. ‘ही नदी कसली, ओढा आहे,’ त्यांनी पाटकऱ्याच्या अधिकाराने निकाल दिला. मग बराच वेळ गप्प राहून म्हणाले, ‘पण मिळतोय.’

१५/ तेथेच, काठावर बसून, त्यांनी आठ वर्षे न बोललेले बोलून टाकले. येण्याचे का टाळत होतो ते. छातीचे. मंजरथाचे. लेक ऐकत राहिली. कापसाची, गुडघ्यांची सारी कारणे तिला आठवली असणार. ‘मला मंजरथच पाहिजे, ते बदललं नाही,’ वडील म्हणाले. ‘पण समज इथं काही झालंच असतं, तरी कुणीतरी पाणी शोधलंच असतं, एवढं कळलं.’ मग जरा थांबून त्यांनी विचारले, ‘आणि बाई, तुझं काय? तू कुठली?’
या प्रश्नाचे उत्तर लेकीकडे नव्हते. तिने म्यूनिक म्हटले नाही, पालीही म्हटले नाही. आईने उरलेले धपाटे काढले आणि तिघांनी ते त्या काठावर बसून खाल्ले.

१६/ इटलीच्या मातीत राहिलेली मराठी माणसे केवळ राजघराण्यातील नाहीत. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे, माणगावजवळच्या पळसगावचे, १० जुलै १९४४ रोजी तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची ज्ञात कबर नाही. कासिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव कोरले आहे. २०२३ साली मोंतोने या गावात त्यांच्या स्मरणार्थ एक छायाघड्याळ उभारण्यात आले. छत्रपतींसाठी छत्री आणि शिपायासाठी भिंतीवरची एक ओळ, हा फरकही इतिहासाचाच भाग आहे. तो फरक भरून काढायला त्या छायाघड्याळापर्यंत जवळजवळ ऐंशी वर्षे जावी लागली.

१७/ आईवडील पालीला परतले. सांडव्यावर चादर पडली त्या दिवशी बीडहून आलेली कॉलेजची मुले फोटो काढत होती. निवृत्त पाटकरी त्यांच्यापाशी गेले आणि त्यांनी विचारले, हे पाणी पुढे कोठे जाते, माहीत आहे का? मुलांनी सिंधफणा सांगितली, एकीने गोदावरीही सांगितली. मग मंजरथ आले आणि तेथून ओघाओघात कोल्हापूरच्या एका वीस वर्षांच्या राजाची गोष्ट निघाली. मुलांनी मोबाइल खिशात ठेवले होते, असे लेकीला फोनवर नंतर कळले. ते सांगताना वडिलांच्या आवाजात घुमट दाखवणाऱ्या लेकीचाच उत्साह होता.

१८/ आपली माणसे परदेशी येतात तेव्हा त्यांना काय दाखवावे, याच्या याद्या पुष्कळ सापडतात. यादीतले सर्व अवश्य दाखवावे. परंतु नकाशा एकदा त्यांच्याही हाती द्यावा आणि त्यांचे बोट कोठे थांबते ते पाहावे. यजमानाच्या नजरेतून तीनदा निसटलेले नाव पाहुण्याच्या बोटाला एकदाच सापडू शकते.