आलापल्ली ते भामरागड

पहाटे साडेपाचला आलापल्लीहून सायकल काढली. भामरागड साठेक किलोमीटर. पेरमिलीपर्यंत सागवान सोबतीला. चढ डोळ्यांना दिसत नाही, मांड्यांना बरोबर कळतो. मोहाचे दिवस. झाडांखाली टोपल्या घेऊन बाया वाकलेल्या, आणि तो गोड, आंबूस वास थेट घशात उतरणारा. दमलेल्या माणसाला हा वास जरा जास्तच चढतो!

हेमलकशात चहा. १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प इथे सुरू झाला, तेव्हा पावसाळ्यात ही वाटच तुटायची. मी मात्र सकाळपासून एका पंक्चरवर कुरकुरत होतो.

पर्लकोटेच्या पुलावर उतरून चालत गेलो. पुढे इंद्रावती, पामुलगौतम आणि ही, तिघींचा संगम. पलीकडे छत्तीसगड. पाण्यात पाय सोडून बसलो. परतीचं उद्या बघू.