कल्याण नव्हे, कल्याणी

२०२५ च्या संक्रांतीला जोडून दोन दिवस सुट्टी टाकली आणि मेहरूणला घरी गेलो. जानेवारीतलं मेहरूण म्हणजे सुख असतं. तलावाच्या काठाने सकाळी फेरी मारायची, येताना बोरं घ्यायची आणि घरी भरीत आयतं तयार असायचं. (मेहरूणची बोरं माहीत नसतील तर तुमचं आयुष्य थोडं वाया गेलंय, एवढंच सांगतो.)

ताईचं सासर आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. तिच्याकडे गेलो तर भाची भूमितीचं पुस्तक उघडून बसलेली. दहावीचं वर्ष, परीक्षा २१ फेब्रुवारीपासून. मी मनात म्हटलं, वा! जवळ गेलो तर पुस्तकाच्या आत मोबाईल, आणि मोबाईलमध्ये फुटबॉल.

"मामा, आईला सांगू नको ना."

"कोणाची मॅच आहे?"

"आयडब्ल्यूएल."

"म्हणजे?"

सर्व्हर आणि ब्राउझर यांच्यातला फरक विचारणाऱ्या क्लायंटकडे मी जसं बघतो, तसं तिने माझ्याकडे बघितलं.

आयडब्ल्यूएल म्हणजे इंडियन विमेन्स लीग. भारतातली बायकांची सगळ्यात वरची फुटबॉल लीग. २०१७ च्या जानेवारीत ती सुरू झाली आणि मी, प्रीमियर लीगसाठी रात्र रात्र जागणारा माणूस, आठ वर्षं तिच्याबद्दल काहीही न कळता जगत होतो. पहिल्या सीझनची मुख्य फेरी म्हणजे दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियममध्ये सहा टीम्स आणि जेमतेम अडीच आठवडे. मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने फायनलमध्ये ओडिशाच्या रायझिंग स्टुडंट्सला ३-० हरवलं. संपला सीझन! आमच्या कंपनीतली इंटर-डिपार्टमेंट क्रिकेट टूर्नामेंट याहून जास्त दिवस चालते. एकमेकांच्या गावी जाऊन खेळायची खरीखुरी होम-अवे लीग व्हायला २०२३-२४ उजाडलं. आता हा २०२४-२५ चा सीझन होता. आठ टीम्स, प्रत्येकीच्या चौदा मॅचेस, एकूण छप्पन्न.

हे सगळं ज्ञान मला भाचीने एका दमात दिलं. इतक्या वेगाने ती प्रमेयं म्हणत नव्हती.

मग आमचा एक करार झाला. परीक्षा होईपर्यंत तिने लाईव्ह मॅच बघायची नाही. त्या बदल्यात मी पुण्यातून मॅचेस फॉलो करायच्या आणि रोज रात्री तिला दोन ओळींचा रिपोर्ट पाठवायचा. स्कोअर, गोल कोणी मारले आणि पॉइंट्स टेबल. प्रोजेक्ट मॅनेजरला दर शुक्रवारी स्टेटस रिपोर्ट पाठवायचा माझा अनुभव दांडगा, त्यामुळे हे काम मी हसत हसत घेतलं. एक्सेल शीट बनवली. आठ टीम्स, चौदा कॉलम, फॉर्म्युले वगैरे. :)

पहिले दोन आठवडे मी हे केवळ शब्द दिला म्हणून केलं. नंतर कधीतरी, नेमकं कधी ते सांगता येणार नाही, मला स्वतःलाच टेबल बघितल्याशिवाय झोप येईना.

कारण गोष्टच तशी होती. एका बाजूला गोकुलम केरळा. लागोपाठ तीनदा ही लीग जिंकलेला क्लब. त्यांच्याकडे युगांडाची फझिला इक्वापुट नावाची फॉरवर्ड. ती गोल मारायची आणि मी शीटमध्ये आकडा वाढवायचो, हा नित्यक्रमच झाला होता. सीझनच्या शेवटी तिचे चोवीस गोल झाले. दुसऱ्या बाजूला ईस्ट बंगाल. क्लब १९२० सालचा, पुरुषांच्या फुटबॉलमध्ये केवढं नाव, पण मुलींची टीम आदल्या वर्षी टेबलच्या तळाकडे. त्यांनी कोच आणला अँथनी अँड्र्यूज. गंमत म्हणजे गोकुलमला दोन वेळा चॅम्पियन करणारा हाच. आमच्याकडे सिनिअर माणूस समोरच्या कंपनीत जातो आणि सहा महिन्यांत आपलेच क्लायंट घेऊन जातो, तसलाच प्रकार!

रिपोर्ट पाठवता पाठवता एक गोष्ट मात्र खटकायला लागली. बंगालच्या दोन टीम्स, ओडिशाच्या दोन, तामिळनाडूची, केरळची, बंगलोरची किकस्टार्ट, आणि हॉप्स. आपली कोण?

कोणी नाही.

एके रात्री रिलीज कॅन्सल झाल्यामुळे वेळ होता, म्हणून जुन्या सीझन्सच्या याद्या काढून बसलो. पहिल्याच सीझनला एफसी पुणे सिटी होती, त्या सहांपैकी एक. पुढे तो क्लबच २०१९ मध्ये बंद झाला. २०१८-१९ ला लुधियानात एफसी कोल्हापूर सिटी खेळली. कोल्हापूर म्हटल्यावर फुटबॉल असणारच. २०२१-२२ ला मुंबईची पिफा. २०२२-२३ ला मुंबई नाईट्स. म्हणजे दर थोड्या वर्षांनी महाराष्ट्रातून कोणीतरी नवीन येतं, खेळतं आणि जातं. लीग होम-अवे झाली, म्हणजे जरा खर्चिक आणि जरा खरी झाली, तेव्हापासून या दोन सीझन्समध्ये वरच्या लीगमध्ये आपली एकही टीम नव्हती. आणि स्टेडियम? ते आपल्याकडे चिक्कार. २०२२ चा बायकांचा आशिया कप मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यातच झाला. त्यात भारताने इराणशी ०-० बरोबरी केली आणि नंतर टीममध्ये कोविड शिरल्यामुळे स्वतःच्या घरच्या स्पर्धेतून बाहेर पडावं लागलं. त्याच वर्षी सतरा वर्षांखालच्या मुलींच्या वर्ल्ड कपची फायनलही डी. वाय. पाटीलवर झाली. पाहुण्यांसाठी मांडव आपला, पण घरची पोर पंगतीत कुठे बसणार, ते कोणी विचारायचं नाही.

हे मी भाचीला लिहिलं नाही. परीक्षेच्या तोंडावर कशाला?

फेब्रुवारीत राष्ट्रीय टीम पिंक लेडीज कप खेळायला शारजाला गेली आणि इकडे भाचीचा पहिला पेपर झाला. १७ मार्चला पेपर संपले. त्या रात्री ताईचा फोन.

"तू तिला काय शिकवून ठेवलंयस? म्हणते, अकरावीला पुण्याला मामाकडे जाते. फुटबॉल खेळायला!"

मी गप्प. हे मला नवीनच होतं. मी फक्त एक्सेल शीट केली होती हो!

"अगं ताई, खेळू दे की. काय बिघडतंय?" मी आपलं पुण्यातल्या माणसाला शोभेल असं पुरोगामी बोललो.

पलीकडून काही आवाज आला नाही. मग ताई म्हणाली, "खेळायला सुरुवात करायला कोणी अडवत नाही रे. मधेच थांबवतात. ते जास्त लागतं."

आणि फोन ठेवला.

इथे थोडं मागे जायला हवं. ताई खो-खो खेळायची. शाळेच्या टीममध्ये होती, जिल्ह्याला खेळली होती. खुंटाजवळ अशी वळायची की पकडणारी पोरगी पुढे निघून जायची. मी तेव्हा सातवीत, मला आठवतंय. ती दहावीत गेली आणि खेळ थांबला. घरात भांडण झालं नाही, कोणी ओरडलं नाही, रडारड नाही. फक्त एक दिवस ती ग्राउंडवर गेली नाही आणि मग कधीच गेली नाही. मी मात्र त्यानंतर बारावीपर्यंत रोज संध्याकाळी क्रिकेट खेळलो. मला कोणी काही विचारलं नाही. आणि ताईचं काय झालं, हे मीही कधी विचारलं नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही.

त्या रात्री दोन ओळींचा रिपोर्ट पाठवायचा राहिला.

एप्रिलमध्ये सुट्टी टाकून पुन्हा घरी गेलो. एप्रिलमधलं जळगाव काय असतं ते वेगळं सांगायला नको. रस्ते ओस, कूलर चालू, आणि कूलरसमोर बसायला भांडणं. ईस्ट बंगालची मॅच होती ओडिशा एफसीशी. जिंकले तर एक मॅच शिल्लक असतानाच ट्रॉफी पक्की. करार संपला होता, त्यामुळे आता लाईव्ह बघायला बंदी नव्हती. मोबाईल टीव्हीला जोडायचं काम इंजिनिअर म्हणून माझ्याकडे आलं आणि त्यात मी वीस मिनिटं घालवली.

"कुठे आहे मॅच?" दाजींनी विचारलं. दाजी एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात सुपरवायझर.

"कल्याणी."

"कल्याणला? मग जाऊन आला असतास की!"

"कल्याण नाही, कल्याणी. बंगालमध्ये."

दाजी हसले आणि बसले. ताई आत-बाहेर करत होती. बघत नाही असं दाखवत बघायची कला फक्त आयांकडे असते.

पहिला हाफ कोरडा गेला. भाची नखं खात होती. मध्येच दाजींनी तो प्रश्न टाकला, ज्याची मी महिनाभर वाट बघत होतो. "यांना मिळतं किती?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. २०२३ मध्ये फेडरेशनने नियम जाहीर केला होता की, लीगमधल्या प्रत्येक टीमने कमीत कमी दहा भारतीय मुलींशी वर्षाला किमान ३ लाख २० हजारांचा करार करायचा. आकडा सांगितला. दाजींनी मनात भागाकार केला, ते चेहऱ्यावर दिसलं.

"म्हणजे महिन्याला सव्वीस-सत्तावीस हजार. तुला लागल्या लागल्या किती होता?"

"यापेक्षा कमी."

"हं," दाजी म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत, पण 'हं' मध्ये बराच हिशोब होता. मी मात्र प्रामाणिकपणे पुढचंही सांगितलं. हे फक्त वरच्या आठ टीम्सचं. तिथपर्यंत पोचणाऱ्या मुली देशात शे-दोनशे. माझ्यासारखे साधारण इंजिनिअर मात्र लाखांनी खपतात. तुलना खरी नाही.

दुसऱ्या हाफमध्ये सौम्या गुगुलोथने गोल मारला. सौम्या तेलंगणातल्या निजामाबादची. निजामाबाद म्हणजे काही हैदराबाद नव्हे, आपल्या जळगावसारखंच जिल्ह्याचं गाव. भाची एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या काकू दारात आल्या. आणि त्या ओरडण्यात अजून एक आवाज होता. "माय व!" स्वयंपाकघराच्या दारात ताई, हातात उलथणं तसंच.

१-० नेच मॅच संपली. ईस्ट बंगाल पहिल्यांदा चॅम्पियन. मैदानावर मुली एकमेकींच्या अंगावर पडून रडत होत्या. ताई एव्हाना येऊन खाली बसली होती.

"ती दुसरी टीम कोण? त्या पण रडताहेत."

"ओडिशा. आदल्या वर्षीच्या चॅम्पियन त्याच होत्या. या वर्षी मात्र खालच्या लीगमध्ये जायची पाळी आलीय."

"एका वर्षात?"

"एका वर्षात."

ताई बराच वेळ टीव्हीकडे बघत राहिली. मला वाटलं, झालं, आता ही म्हणणार की बघ, यातही काही खरं नाही. आणि तसं म्हणाली असती तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. क्लब बंद पडतात, चॅम्पियन घसरतात. एका पोरीचं वर्ष एखाद्या मालकाच्या बजेटवर अवलंबून असतं. हे सगळं माझ्याच शीटमध्ये होतं.

ती भाचीला म्हणाली, "तुझी टीम उद्या बंद पडली तर काय करशील?"

"दुसरी शोधीन."

"नाही मिळाली तर?"

"मग अभ्यास करीन. पण तेव्हा. आत्ताच का?"

ताई उठली. जाता जाता माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझ्याकडे ठेवायची तर सकाळचा डबा कोण करणार? तू?"

हा होकार होता, हे कळायला मला अर्धा मिनिट लागला. दाजींना लगेच कळलं.

मे महिन्यात निकाल लागला. ७९ टक्के. भूमितीत बरे पडले, फोनची कृपा. ५ जुलैच्या संध्याकाळी चिआंग माईला भारताने थायलंडला २-१ हरवलं आणि पात्रता फेरी खेळून आशिया कप गाठला. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. ती ईस्ट बंगालचीच, आणि मूळची कल्याणीची! त्या वेळी भाची माझ्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर उभी राहून नाचत होती, आणि खालच्या मजल्यावरचे आजोबा वर येण्याच्या तयारीत होते.

आता ती अकरावीत आहे. पुणे जिल्ह्याच्या लीगमध्ये मुलींच्या मॅचेस होतात, तिथल्या एका टीममध्ये आहे. टीममध्ये आहे म्हणजे बहुतेक वेळा बेंचवर आहे. पहिल्या चार मॅचेसमध्ये मिळून खेळली अकरा मिनिटं. पुण्यातल्या पोरी आठव्या-नवव्या वर्षापासून कोचिंग घेऊन आलेल्या, आणि ही तलावाकाठी पोरांबरोबर खेळून शिकलेली. पहिला महिना रोज रात्री रडायची. मी डबा करायला शिकलो. पोळ्या अजून नकाशासारख्याच होतात.

ही आयडब्ल्यूएलपर्यंत जाईल का? खरं सांगायचं तर बहुतेक नाही. पण ताईला मी रोज रात्री दोन ओळींचा रिपोर्ट पाठवतो. स्कोअर, आणि हिला किती मिनिटं मिळाली. परवा पाठवलं, "२-२, बावीस मिनिटं." ताई सहसा अंगठा दाखवते आणि विषय संपवते. त्या दिवशी तिचा मेसेज आला.

"वळताना उजवा पाय आधी टाकते ती. डावा टाकायला सांग. खो-खोत मी तेच करायचे."

व्हिडिओ भाचीनेच पाठवला असणार. मी निरोप दिला.