शांत झोपलेला पेशंट

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलींच्या वह्या फार देखण्या असतात. व्याख्या, कारणं, लक्षणं, तपासण्या, उपचार, शुश्रूषा. प्रत्येक आजार या ठरलेल्या मथळ्यांखाली नीट बसवलेला आणि मथळे लाल शाईनं अधोरेखित केलेले. परीक्षेत याच क्रमानं लिहिलं की मार्क पडतात, त्यामुळे मुलींना तरी काय बोलायचं? पंचाईत होते ती वॉर्डात. पलंगावरचा माणूस दुपारी एक असतो, रात्री अकराला दुसरा आणि पहाटे तिसराच. वहीतल्या आजाराला वेळ नसते. वॉर्डातल्या आजाराची मात्र सगळी गंमत वेळेतच असते.

मी जिल्हा रुग्णालयाला जोडलेल्या शाळेत मेडिकल-सर्जिकल नर्सिंग शिकवते. शुगर, बीपी, दमा, हार्ट, डेंग्यू, सर्पदंश, डोक्याला मार, म्हणजे आपण ज्यांना नेहमीचे आजार म्हणतो ते सगळे माझ्या वाट्याला येतात. शिकवता शिकवता माझं एक मत पक्कं झालंय. आजाराची लक्षणं शिकवणं सोपं आहे. ‘आता बरं वाटतंय’ यातलं खरं कुठलं आणि खोटं कुठलं, हे ओळखायला शिकवणं महाकठीण. डॉक्टर राउंड घेतात, ऑर्डर लिहितात आणि पुढच्या वॉर्डात जातात. मधले तास पेशंटजवळ असते ती नर्स, आणि आजार उलटतो तो बहुतेक वेळा याच मधल्या तासांत.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना रात्रीच्या नोट्समध्ये एक वाक्य लिहायला बंदी आहे: ‘पेशंट स्लेप्ट वेल’. झोपला हे तुला कुणी सांगितलं? हाक मारलीस का? त्यानं नाव सांगितलं का? श्वास मोजलास का? मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० चालतो. पण वॉर्डातला ताप-नाडी-श्वासाचा कुठलाही टीपीआर चार्ट उघडा, श्वासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच आकडा दिसेल, १८ नाहीतर २०. तापाला थर्मामीटर आहे, नाडीला बोट आहे, बीपीला मशीन आहे. श्वासाला मात्र एक अख्खं मिनिट गप्प उभं राहावं लागतं आणि तेच नेमकं जीवावर येतं. तेही पेशंटला न सांगता मोजायचं, कारण ‘श्वास मोजते हं’ म्हटलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. मी मुलींना सांगते, नाडी पाहून झाली तरी मनगट सोडू नका. हात तसाच धरून छातीकडे बघा. तब्येत ढासळायला लागली की बीपी पडण्याच्या बऱ्याच आधी हा आकडा चढतो.

खोट्या आरामाचा सगळ्यात चांगला धडा डेंग्यू देतो. पावसाळा सरता सरता वॉर्ड भरतो, कॉरिडॉरमध्ये गाद्या टाकाव्या लागतात. तीन-चार दिवस फणफणलेला पोरगा पाचव्या दिवशी गार पडतो. आईचा जीव भांड्यात पडतो. ती शेजारच्या पलंगावरच्या बाईला सांगते, ‘ताप उतरला हो, आता घरी सोडतील.’ विद्यार्थिनीही चार्टवर ९८.६ लिहून खूश. वहीत डेंग्यूचं पहिलं लक्षण ताप, तेव्हा ताप गेला म्हणजे आजार गेला, असा हिशोब.

हा हिशोब इथे उलटा चालतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो आणि त्याच सुमारास काही पेशंटच्या रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपायला लागतं. हा धोक्याचा काळ २४ ते ४८ तासांचा. रक्त घट्ट होतं, पोटात आणि छातीत पाणी साचतं. सगळं घर मात्र तेव्हा ‘पेशी किती?’ या एकाच प्रश्नात अडकलेलं असतं. प्लेटलेटना आपल्याकडे सर्रास ‘पांढऱ्या पेशी’ म्हणतात, त्या वाढाव्यात म्हणून कुणी पपईच्या पानांचा रस आणतं, कुणी किवी आणतं. पेशींचा आकडा महत्त्वाचा आहेच. पण पोराचे हातपाय गार लागताहेत का, पोट दुखतंय का, उलट्या थांबत नाहीत का, तो एकाएकी मलूल झालाय का, हे त्या आकड्यापेक्षा आधी बघायचं असतं.

आणि बीपी. इथे मी मुलींना थांबवून वजाबाकी करायला लावते. सकाळी ११० वर ७०, दुपारी १०० वर ८०. ‘मॅडम, वरचं शंभर आहे, नॉर्मल आहे.’ वरचं ठीक आहे गं, पण दोन आकड्यांमधलं अंतर किती? सकाळी ४०, आता २०. वीस किंवा त्याहून कमी झालं की शॉक दारात उभा आहे, वरचा आकडा कितीही शहाण्यासारखा वागत असला तरी. मग तिला मी पोराच्या बोटाचं नख दाबून सोडायला सांगते. पांढरं पडलेलं नख दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. ते रेंगाळलं तर धावत जाऊन डॉक्टरांना कळवायचं, ऑर्डरबुक भरत बसायचं नाही. याच आजाराची दुसरी बाजूही आहे. धोक्याचे तास सरले की झिरपलेलं पाणी आपणहून रक्तात परततं. तेव्हाही सलाईन जोरात सोडून ठेवलं तर छातीत पाणी भरून धाप लागते. म्हणजे दोन दिवसांपूर्वी जे सलाईन जीव वाचवत होतं, तेच आता घात करू शकतं. वहीत या दोन्ही गोष्टी एकाच पानावर, एकाखाली एक असतात, आणि तिथेच घोळ होतो.

मधुमेहाबद्दल मुलींना वाटतं की आपल्याला सगळं येतं. घरोघरी शुगर आहे, आजीला इन्सुलिन देताना लहानपणापासून पाहिलंय. त्यांना भीती असते ती वाढलेल्या साखरेची. तीनशेचा आकडा दिसला की धावपळ. पण वॉर्डात तासाभरात माणूस हातचा जातो तो साखर उतरल्यामुळे. जेवणाआधीचं साधं इन्सुलिन टोचलं की अर्ध्या तासात काम सुरू करतं. टोचणारीची ड्यूटी तिथे संपत नाही, नाश्त्याची गाडी या पलंगापर्यंत येऊन त्यानं चार घास खाल्ले की संपते. गाडी उशिरा आली, पोहे आवडले नाहीत म्हणून त्यानं बशी सरकवली, किंवा सोनोग्राफीसाठी उपाशी ठेवलंय हे कुणी सांगितलंच नाही, की साखर ७० च्या खाली घसरते. दरदरून घाम, हातांना कंप, विनाकारण चिडचिड, असंबद्ध बोलणं, आणि मग तीच ती शांत झोप. नातेवाईक म्हणतात, ‘रात्रभर जागलेत, आता डोळा लागलाय.’ घामेजलेल्या कपाळावर हात ठेवला की कळतं, ही झोप नव्हे. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजायची आणि १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासायची. शुद्ध नसेल तर तोंडात थेंबही घालायचा नाही, शिरेतूनच ग्लुकोज. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी साखर उतरली असेल तर ती सावरल्यावर काही तासांनी पुन्हा घसरते, म्हणून अशा पेशंटला लगेच घरी पाठवत नाहीत. एकादशीला आणि नवरात्रात हे पेशंट हमखास येतात. उपास कडकडीत, पण गोळी मात्र न चुकता घेतलेली.

इन्सुलिनचीच आणखी एक गोष्ट, पुस्तकात दोन ओळींत उरकलेली. आपल्याकडे बाटली मिलिलिटरला ४० युनिटचीही मिळते आणि १०० युनिटचीही, आणि दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. ४० ला लाल टोपण, १०० ला केशरी. १०० ची बाटली आणि लाल टोपणाची सिरिंज घेऊन २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात जातात ५० युनिट. मी दोन्ही सिरिंज टेबलावर ठेवते, रंगीत पाणी भरायला लावते आणि किती भरलं ते तोंडी विचारते. पहिल्या दिवशी वर्गात सन्नाटा असतो.

दम्याच्या पेशंटच्या छातीतली शिट्टी बंद झाली की घरच्यांना हायसं वाटतं. तो आता नीट बोलतोय, एका दमात वाक्य पुरं करतोय, तर खरंच आराम आहे. शिट्टीही नाही, शब्दही नाही आणि डोळे मिटताहेत, तर छातीत आवाज करण्याइतकीही हवा फिरत नाहीये. वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या, फुप्फुसं कायमची आखडलेल्या बाईला कुणीतरी मायेपोटी ऑक्सिजन मोठा करतं. मॉनिटरवर ९९ दिसतात, सगळे खूश. तिच्यासाठी ८८ ते ९२ पुरेसे असतात. त्याहून जास्त दिला तर काही पेशंटमध्ये अंगात कार्बन डायऑक्साइड साचत जातो आणि त्या गुंगीनं बाई ‘शांत’ होते. पोटाचंही तसंच. अपेंडिक्सचं दुखणं उपचाराविना अचानक थांबलं, तर ते फुटलं असण्याची शंका आधी घ्यायची.

हार्टचे पेशंट वेगळ्या तऱ्हेनं फसवतात. ‘बाबांना हल्ली खुर्चीतच छान झोप लागते,’ असं मुलगा कौतुकानं सांगतो. बाबा खुर्चीत झोपतात कारण आडवं झालं की छातीत पाणी चढतं आणि रात्री एक-दोनला गुदमरून उठावं लागतं. म्हणून हिस्टरी घेताना उशा किती लागतात हे विचारायचं. मागच्या महिन्यात एक आणि आता तीन, तर ही माहिती ईसीजीच्या तोडीची आहे. आणि वजन रोज करायचं, सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते शिऱ्यानं वाढलेलं नसतं, ते पाणी असतं.

आणि मण्यार. नाग, घोणस, फुरसं चावलं की माणसाला कळतं. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, तेही इतकं हलकं की जागही येत नाही. खूण दिसत नाही, सूजही नसते. पहाटे पोटात दुखतं म्हणून माणूस येतो आणि ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून बाकड्यावर बसवला जातो. रक्त गोठण्याची २० मिनिटांची चाचणी केली तरी रक्त व्यवस्थित गोठतं, कारण मण्यारचं विष रक्तावर काम करत नाही, नसांवर करतं. अशा वेळी विद्यार्थिनीनं त्याच्याशी बोलत राहायचं. पापण्या जड होताहेत का? थुंकी गिळता येतेय का? उशीवरून मान उचलता येते का? एका श्वासात मोठ्यानं आकडे मोजायला लावायचे. आधी वीसपर्यंत गेला आणि थोड्या वेळानं बारावरच थांबला, तर श्वासाचे स्नायू हरायला लागलेत. वेळेत व्हेंटिलेटर मिळाला तर असा माणूस चालत घरी जातो. आणि एक विसरू नये. पापण्या मिटलेल्या, अंग लुळं पडलेलं, तरी त्याला सगळं ऐकू येत असू शकतं. त्याच्या पलंगाशी उभं राहून ‘काही खरं नाही’ असं बोलणाऱ्याला मी वॉर्डाबाहेर काढते, मग तो विद्यार्थी असो की नातेवाईक.

मग खरा आराम ओळखायचा कशावरून? बऱ्याचदा अगदी क्षुल्लक गोष्टींवरून. हातपाय गरम लागतात. पेशंट चहा मागतो, सुनेवर खेकसतो. आणि लघवी होते. मोठ्या माणसाला तासाला, किलोमागे निदान अर्धा मिलिलिटर, म्हणजे साठ किलोच्या माणसाला तीस मिलिलिटर. पण वॉर्डबॉय मामांनी युरिनल रिकामं केलं आणि किती होतं हे कुणालाच माहीत नाही, असं झालं की अर्ध्या रात्रीची माहिती मोरीत गेली. भांडं ओतण्याआधी मोजायचं, हा धडा मी इंजेक्शनच्या आधी शिकवते. त्यावर मुलींची नाकं मुरडतात, ब्रदर मंडळींची तर जास्तच. पुढे आयसीयूत पोस्टिंग लागलं की आपोआप सरळ होतात.

वाचकांकडे माझं एक मागणं आहे. कधी दवाखान्यात भरती व्हायची वेळ आलीच, तर चालू औषधांच्या पट्ट्या आणि जुनं डिस्चार्ज कार्ड बरोबर आणा. शेवटचं जेवण आणि शेवटची लघवी कधी झाली ते सांगा, कुणी विचारलं नाही तरी सांगा. रात्री दोन वाजता एखादी विद्यार्थिनी तुमच्या माणसाचा खांदा हलवून नाव-गाव विचारायला लागली, तर ‘झोपू द्या की जरा’ म्हणून तिला हाकलू नका. त्याला उत्तर देऊ द्या. आणि औषधाबद्दल विचारलं तर पट्टी दाखवा, कारण ‘ती बीपीची छोटी पांढरी गोळी’ एवढ्यावरून औषध मलाही ओळखता येत नाही.