टनात वीस गोण्या

सिमेंटच्या एका टनात वीस गोण्या. गोणी ५० किलोची. कंपनीने गोणीमागे दहा रुपये वाढवले की टनामागे दोनशे वाढले, हे शाळकरी पोरही सांगेल. पण दुकानातला भाव जीएसटीसकट बोलला जातो. सप्टेंबर २०२५ पर्यंत हा जीएसटी २८ टक्के होता. म्हणजे त्या दोनशेतले साधारण १५६ रुपयेच कंपनीच्या हातात पडायचे. आता तो १८ टक्के झाल्यावर १६९ पडतात. व्याज, घसारा आणि कर यांच्या आधी टनामागे हजारभर रुपये सुटणाऱ्या कंपनीला हे दीडशे-पावणेदोनशे रुपये म्हणजे केवढी मोठी गोष्ट! म्हणून गोणीमागच्या दहा रुपयांवरून आमच्याकडे तास तास वाद होतात. खरा प्रश्न पुढचाच असतो. एक तारखेला जाहीर झालेली ही वाढ वीस तारखेला बाजारात शिल्लक आहे का? ते एक्सेलला ठाऊक नसतं. ते बार्शीच्या हार्डवेअरच्या दुकानदाराला ठाऊक असतं.

बार्शीचं ते दुकान आमचंच. मी इक्विटी रिसर्च अॅनालिस्ट झाले याचा माझ्या वडिलांना, अण्णांना, अभिमान असला, तरी मी नेमकं काय करते हे त्यांना बरीच वर्षं पटत नव्हतं. ‘दुसऱ्याच्या धंद्याचा हिशोब करायचा आणि त्याचे पैसे तिसऱ्याने द्यायचे?’ असं ते विचारायचे. व्याख्या म्हणून हे अगदी अचूक आहे.

सीए झाले ते पुण्यात. आर्टिकलशिपमध्ये गोडाऊनमधल्या मालाची मोजदाद करून कंटाळले होते. ऑडिट म्हणजे झालेल्या गोष्टींचा पंचनामा. मला पुढे काय होणार यात रस होता. मुंबईतल्या एका ब्रोकिंग कंपनीच्या रिसर्च विभागात ज्युनिअर म्हणून लागले. सिमेंट आणि बांधकाम हे क्षेत्र वाट्याला आलं, कारण त्या टीममधली जागा रिकामी होती. आवड बघून सेक्टर मिळतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा एखाद्या ज्युनिअरला गाठून विचारावं.

ज्युनिअरचं काम म्हणजे मॉडेल. प्रत्येक कंपनीची एक एक्सेल फाईल, तिच्यात क्षमता, विक्रीचं टनेज, टनामागे वीज-इंधन, टनामागे वाहतूक, कच्चा माल, पगार. हाताने भरलेला आकडा निळा, सूत्रातून आलेला काळा. ही रंगांची शिस्त पाळली नाही तर सिनिअर फाईल उघडूनही बघत नसे. तिमाही संपली की ४५ दिवसांत निकाल जाहीर करायचे असतात आणि कंपन्या शेवटच्या दोन आठवड्यांत झुंबड करतात. एकाच दुपारी तीन-तीन निकाल. बीएसईच्या वेबसाईटवर तिरकी स्कॅन केलेली पीडीएफ येते, आकडे हाताने टाकायचे, अर्ध्या तासात छोटी नोट बाहेर. संध्याकाळी कंपनीशी कॉनकॉल, म्हणजे कॉन्फरन्स कॉल. तिथे सगळे अॅनालिस्ट रांगेत थांबून आधी ‘काँग्रॅच्युलेशन्स सर, ग्रेट सेट ऑफ नंबर्स’ म्हणतात. तोट्यातल्या कंपनीलाही हे वाक्य म्हटलेलं मी ऐकलं आहे.

माझे सिनिअर सत्यमच्या काळात आयटी कव्हर करणाऱ्या टीममध्ये होते. ७ जानेवारी २००९ ला रामलिंग राजूंनी पत्र लिहून ताळेबंदातली पाच हजार कोटींहून जास्त रोकड मुळात नाहीच असं कबूल केलं, तेव्हा ते ऑफिसात होते. तेव्हापासून त्यांना एक खोडच लागली होती. कुठल्याही कंपनीचा वार्षिक अहवाल हातात आला की आधी बँकेतली शिल्लक बघायची, मग तिच्यावर मिळालेलं व्याज. शिल्लक हजार कोटी आणि व्याज दहा कोटी, तर एक तर पैसे वर्षभर तिथे नव्हते किंवा मुळात नाहीतच. अध्यक्षांचं मनोगत, हसऱ्या कामगारांचे फोटो, पहिली शंभर पानं ते वाचतच नसत. ‘शेवटून वाच,’ म्हणायचे. टिपांमध्ये संबंधित पक्षांशी व्यवहार, संभाव्य देणी, येणी किती दिवसांची. सगळी गंमत बारीक टायपात असते.

परीक्षाही चालूच होत्या. रिसर्च रिपोर्टवर नाव यायचं तर सेबीच्या २०१४ च्या रिसर्च अॅनालिस्ट नियमांप्रमाणे एनआयएसएमचं प्रमाणपत्र लागतं. ते फार अवघड नाही. सीएफएच्या तीन पातळ्या मात्र माणसाला पिळून काढतात. त्यातल्या ज्ञानापैकी रोजच्या कामात किती लागतं, असं विचारलं तर मी विषय बदलते. पण व्हिजिटिंग कार्डावर ती तीन अक्षरं असली की परदेशी क्लायंट फोन उचलतो हे खरं.

जे लागतं ते फोनवर मिळतं. या कामाला ‘चॅनल चेक’ म्हणतात. सोलापूर, लातूर, नांदेड, अकोला, पुढे हैदराबाद आणि इंदूरपर्यंतच्या डीलरांना मी महिन्यातून एकदा फोन फिरवायचे. टीममधली बाकीची मंडळी ‘डिमांड कशी आहे?’ विचारायची आणि ‘ठीक आहे मॅडम’ ऐकून फोन ठेवायची. मला दुकानातली भाषा येत होती. कंपनी बिल एका भावाने करते आणि महिनाअखेरीला क्वांटिटी डिस्काउंट, कॅश डिस्काउंट, रेट डिफरन्स अशा नावांनी क्रेडिट नोट पाठवून त्यातलं बरंच परत देते. महिन्याच्या मध्याला खुद्द डीलरलाही आपली खरेदी कितीला पडली ते सांगता येत नाही. म्हणून ‘भाव काय?’ हा प्रश्नच फुकट. ‘आरडी (रेट डिफरन्स) किती धरलाय?’ विचारलं की पलीकडचा माणूस खुर्चीत सावरून बसतो. लातूरचे एक काका पहिल्यांदा म्हणाले होते, ‘ताई, तुम्ही कंपनीच्या का? असल्या आतल्या गोष्टी विचारताय ते!’ बार्शीच्या दुकानाचं नाव सांगितल्यावर मात्र रेल्वेची रेक कधी लागली, कोणाचा माल पडून आहे, कुठला ठेकेदार पैसे बुडवून पळाला, हे सगळं न विचारता आलं.

८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतरच्या आठवड्यात हे फोनच माझ्या कामाला आले. टीव्हीवर दीर्घकालीन फायद्यांची चर्चा चालू होती आणि अण्णा सांगत होते की घरबांधणीवाल्यांनी मजुरांना द्यायला सुट्टे नाहीत म्हणून स्लॅब थांबवलेत. मी टनेजचे अंदाज खाली आणले. विक्री पडलीच. पण शेअर? उन्हाळ्यापर्यंत बहुतेक मोठ्या सिमेंट कंपन्यांचे भाव नोटाबंदीच्या आधीच्या पातळीला येऊन पोचले होते. टनेजचा अंदाज बरोबर असणं आणि शेअरचा अंदाज बरोबर असणं या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत. पगार दुसरीचा मिळतो.

एकदा चंद्रपूरकडच्या एका प्लांटला आम्हा अॅनालिस्टांना बसमधून नेलं. हेल्मेट, नारिंगी जाकीट, नाश्त्याला पोहे. भट्टीत चुनखडी १४५० अंशांपर्यंत तापते आणि पलीकडून क्लिंकरचे काळपट करडे गोळे बाहेर पडतात. थंड झालेला एक हातात घेतला तर आकाराच्या मानाने जडच वाटतो. प्रेझेंटेशनमध्ये मागणी जोरात असल्याची स्लाईड होती. जेवणानंतर मी गेटपाशी गेले. ट्रकांची रांग बघून कोणालाही वाटावं, काय खप आहे! एका ड्रायव्हरला विचारलं तर म्हणाला, ‘दोन दिवस झाले ताई, भरायला ऑर्डरच नाही.’ पुढच्या तिमाहीचा अंदाज मी परतीच्या बसमध्येच बदलला.

मग मी ‘विका’ असा रिपोर्ट लिहायला घेतला आणि धंद्याची दुसरी बाजू दिसली. नियमाने अॅनालिस्टचा मोबदला ब्रोकिंगच्या किंवा मर्चंट बँकिंगच्या एखाद्या व्यवहारावर ठरवता येत नाही. कागदावर भिंत आहे, आणि ती असावीच. पण त्या कंपनीने आमच्या पुढच्या कॉन्फरन्सला यायचं नाकारलं, मॅनेजमेंटची भेट मागितली की ‘साहेब टूरवर आहेत’ येऊ लागलं, आणि ज्या फंडांकडे तो शेअर भरपूर होता त्यांचे फोन थंडावले. मला कोणीही रिपोर्ट मागे घे म्हणालं नाही. म्हणायची गरजच नसते. बाजारातले बहुतेक रिपोर्ट ‘घ्या’ म्हणतात ते लाचेमुळे, असा लोकांचा समज असतो. लाच बिच काही नाही. भिडेचा मामला आहे. आणि भीड लाचेहून महाग पडते, कारण तिची पावती नसते.

वर चढत गेले तसं मॉडेल ज्युनिअरकडे गेलं आणि माझा दिवस क्लायंटना कहाणी सांगण्यात जाऊ लागला. सकाळच्या मीटिंगमध्ये सेल्सवाल्यांसमोर दोन मिनिटं, मग फोन, दुपारी मॅनेजमेंटसोबत फंडांच्या फेऱ्या. दरवर्षी एशियामनीसारख्या पोलच्या वेळी मतं मागायची. नगरसेवक परवडला, तो निदान पाच वर्षांनी येतो. त्यात जानेवारी २०१८ पासून युरोपच्या नव्या नियमांनी फंडांना रिसर्चचे पैसे वेगळे मोजावे लागले. आजवर दलालीत गुंडाळून फुकट वाटणाऱ्या आमच्या रिपोर्टांची किंमत पहिल्यांदाच कोणीतरी विचारली आणि ती फारच थोडी निघाली. ज्यांचे रिपोर्ट फक्त लांबलचक होते, ते आधी गेले.

त्याच सुमारास, २०१७ च्या अखेरीला, काही कंपन्यांचे निकाल जाहीर होण्याआधीच व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरल्याच्या बातम्या आल्या आणि सेबीने चौकशी लावली. त्यानंतर ऑफिसात ग्रुप सोडण्याची लाट आली. डीलरने सांगितलेला भाव आणि कंपनीच्या अकाउंट्समधल्या मित्राने सांगितलेला नफा यांत काय फरक आहे, हे मला कोणी शिकवावं लागलं नाही. पण तो फरक न कळल्याचं सोंग घेणारे हुशार लोक या धंद्यात कमी नाहीत.

मी नंतर म्युच्युअल फंडात, म्हणजे खरेदी करणाऱ्यांच्या बाजूला आले. इथे रिपोर्टवर नाव छापून येत नाही, टीव्हीवर बोलावत नाहीत, लग्नात टिप मागणाऱ्यांना ‘आम्हाला बोलायची परवानगी नाही’ असं खरं खरं सांगता येतं. फंड मॅनेजर मॉडेल बघतही नाहीत. विचारतात, ‘किती टक्के घेऊ?’ अर्धा टक्का म्हणालं तर ते समजून जातात की मला खात्री नाही. विकणाऱ्या बाजूला तीस पानांत लपता येत होतं.

आता माणसं निवडण्याचं काम माझ्याकडे आहे. मुलाखतीला मी प्रश्न काढत नाही. एका सिमेंट कंपनीचा वार्षिक अहवाल देते आणि तासाभराने येते. कॉनकॉलचा सारांश आता सॉफ्टवेअर चहा पिऊन होईपर्यंत काढून देतं, त्यामुळे सारांश सांगणाऱ्या मुलांचं काय करायचं हा प्रश्नच आहे. बहुतेकांचा अहवाल अध्यक्षांच्या फोटोपाशी उघडलेला असतो. परवा एक मुलगी मात्र इतर देण्यांच्या टिपेवर बोट ठेवून बसली होती. म्हणाली, ‘डीलरांकडून घेतलेल्या डिपॉझिटची रक्कम वाढलीय, पण विक्री वाढलेली नाही. नवे डीलर नेमून त्यांच्याच पैशांवर खेळतं भांडवल चालवलंय का?’ उत्तर मला माहीत नव्हतं. दोन डीलरांचे नंबर दिले, तिने माझ्यासमोरच फोन लावले. पहिल्याने कापला, दुसऱ्याने वीस मिनिटं सोडलं नाही.

तिला घेतली. पगारावरून तिने अशी काही घासाघीस केली, की एचआरवाले अजून माझ्यावर रागावलेत.