यंत्र जागे होताना

घरात एखादे यंत्र वीस वर्षे टिकले की त्याची गणना वस्तूंत न होता घरच्या मंडळींत होऊ लागते. शिवणयंत्र, भिंतीवरचे घड्याळ, विहिरीवरचा पंप यांच्याबाबत हा अनुभव पुष्कळांना असेल. त्यांचे आवाज आपल्या ओळखीचे असतात आणि त्यांच्या खोडी घरातल्या लहानथोरांना ठाऊक असतात. संगणकाला मात्र हा मान सहसा मिळत नाही. पाच-सात वर्षांत तो जुना ठरतो, मग माळ्यावर जातो आणि एके दिवशी भंगारवाल्याच्या तराजूत बसतो. त्याच्यासोबत आणखी काय काय गेले, याचा हिशेब मागून लागतो.

आमच्या थोरल्या बंधूंनी २००३ साली एक संगणक विकत घेतला. ते शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी एकच ध्यास घेतला : आपल्या वसईच्या बागायतीतले, लग्नघरातले, विहिरी-रहाटावरचे बोलीतले शब्द गोळा करायचे आणि अर्थासह लिहून ठेवायचे. बैलांनी फिरणारे रहाट गेले आणि विजेचे पंप आले, तेव्हा रहाटाच्या अवयवांची नावेही लोकांच्या जिभेवरून उतरली. ती उतरण्यापूर्वी कोणीतरी टिपून घ्यावीत, एवढीच त्यांची तळमळ होती. त्यांनी पंधरा वर्षे हे काम केले. २०१९ साली ते गेले. संगणक वहिनींच्या खोलीत राहिला. त्या त्यावर रोज फडके फिरवीत आणि आठवड्यातून एकदा तो सुरू करून दादांची पाने वाचीत.

२०२३ च्या पावसाळ्यानंतर यंत्राने त्रास द्यायला सुरुवात केली. आधी तारीख चुकू लागली. डिसेंबर आला तशी सकाळच्या वेळी ते सुरूच होईना. पंखा फिरे, दिवा लागे, पण पडदा काळाच. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला ते जागे होई. बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याने यंत्र न उघडताच “याचे काही उरले नाही” असा निकाल दिला. परदेशी असलेल्या पुतण्याने प्रेमानेच कळवले, “काका, मी नवा पाठवतो, जुना देऊन टाका.” वहिनी एवढेच म्हणाल्या, “भावोजी, नवा येईल हो, पण त्यात हे कुठे असेल?”

प्रश्न बरोबर होता. दादांनी मराठी टंकलेखनासाठी जी प्रणाली घेतली होती, तिची एक कुलुपासारखी डबी यंत्राच्या पाठीमागे, प्रिंटरच्या पंचवीस टाचण्यांच्या जागी लावावी लागे. ती डबी नसेल तर प्रणाली उघडत नसे आणि प्रणाली उघडली नाही तर पाने वाचता येत नसत. आजच्या संगणकांना ती जागाच नसते. म्हणजे हेच यंत्र निदान एकदा धडपणे उठून बसणे आवश्यक होते. आयुष्यभर कारखान्यात विजेच्या मोटारींची देखभाल केलेली असल्याने हे काम आम्ही अंगावर घेतले.

कोणतेही यंत्र दुरुस्त करण्यापूर्वी ते निरोगी असताना काय करते, हे समजून घ्यावे. बटण दाबल्यापासून पडद्यावर चित्र येईपर्यंतच्या काही क्षणांत संगणक मोठे काम उरकतो. घरातली २३० व्होल्टची वीज ‘एसएमपीएस’ नावाच्या पेटीत जाते आणि तेथून १२, ५ व ३.३ व्होल्टचे प्रवाह बाहेर पडतात. हे प्रवाह स्थिरावले की ती पेटी मदरबोर्डला तसा इशारा देते. मग प्रोसेसर एका छोट्या चिपमध्ये कायमची लिहिलेली ‘बायोस’ ही प्रणाली वाचू लागतो. ती स्मृती, कळफलक आणि पडदा यांची हजेरी घेते. सर्व ठीक असल्यास हार्ड डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांचा तुकडा वाचला जातो आणि तेथून मुख्य प्रणालीला हाक जाते. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम कंपनीने आपला पहिला वैयक्तिक संगणक जाहीर केला, तेव्हापासून २००३ च्या या यंत्रापर्यंत हा क्रम मूलतः तसाच राहिला. या क्रियेला इंग्रजीत जो ‘बूट’ शब्द वापरतात, तो पायातल्या बुटावरूनच आलेला आहे. बुटाचे पट्टे धरून स्वतःच स्वतःला वर उचलावे, अशी ती कल्पना. प्रणाली वाचण्यासाठी आधी एक प्रणाली लागते, हे कोडे त्यात आहे.

या क्रमाचा लाभ असा की यंत्र कोठे अडले यावरून दुखणे कोठे आहे याचा अंदाज बांधता येतो. दिवाच लागत नसेल तर विजेकडे पाहावे. दिवा लागतो पण पडदा काळा राहतो, तर स्मृती आणि मदरबोर्ड पाहावेत. पडद्यावर अक्षरे उमटून मग गाडी थांबत असेल, तर हार्ड डिस्कची चौकशी करावी. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र सुरू झाले, तर नेमके दुखणे कोणते होते हे कधीच कळत नाही.

पण त्याहीआधी एक काम करायचे होते. हार्ड डिस्कच्या चकत्या सुरू होताना मिनिटाला हजारो फेऱ्यांचा वेग घेतात आणि म्हाताऱ्या डिस्कला हा क्षण सर्वांत कष्टाचा असतो. यंत्र पुन्हा पुन्हा चालू-बंद करून पाहण्यात तिचे आयुष्य खर्च होते. म्हणून आम्ही प्रथम डिस्क सोडवून बाहेर काढली, बाजारात मिळणाऱ्या एका अडॅप्टरने ती पुतण्याने मागे ठेवलेल्या लॅपटॉपला जोडली आणि तिच्यातले सर्व जसेच्या तसे उतरवून घेतले. ते वाचता येत नव्हते, पण आता ते एकाच जागी नव्हते. त्या रात्री वहिनींना शांत झोप लागली.

मग निदानाला आरंभ केला. यूपीएसची बॅटरी काही वर्षांत दम तोडते, म्हणून तो बाजूला काढून यंत्र थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडले. काही फरक पडला नाही. एसएमपीएसचे प्रवाह मल्टीमीटरने मोजले, ते पाच टक्क्यांच्या मर्यादेत होते. येथे वाचकांना एक सूचना करावीशी वाटते. ही पेटी स्वतः कधी उघडू नये. तिच्यातल्या कपॅसिटरमध्ये तारा काढल्यानंतरही तीनशे व्होल्टपेक्षा अधिक भार काही काळ राहू शकतो.

तारखेच्या चुकीचे कारण सोपे निघाले. मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते. ‘सीआर २०३२’ हे तिचे नाव तिच्या मापावरूनच पडले आहे : २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवणे आणि कोणत्या डिस्कपासून सुरुवात करायची ही आठवण जपणे, हे तिचे काम. वहिनी रोज रात्री भिंतीवरचे बटण बंद करीत. तीन व्होल्टची ती बॅटरी क्षीण झाली असल्याने यंत्र दर सकाळी आपले वर्ष विसरत होते. नवी बॅटरी बसवली आणि तारीख टिकली. तरी सकाळचा काळा पडदा कायमच राहिला.

पुढे स्मृतीच्या पट्ट्या पाहिल्या. समुद्रकाठच्या खाऱ्या, दमट हवेत त्यांच्या सोनेरी दातांवर मळ धरतो आणि बोर्डाशी त्यांची सोयरीक तुटते. वीज तोडून, हाताने आधी लोखंडाला स्पर्श करून अंगावरची स्थिर वीज घालवली, पट्ट्या काढल्या, शाळकरी मुलांच्या खोडरबराने त्यांचे दात हलकेच पुसले आणि त्या पुन्हा नीट दाबून बसवल्या. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते. आमचे झाले नाही.

मात्र एक खूण लक्षात येत होती. यंत्र थंड असले की उठत नसे, थोडे ऊबदार झाले की उठे. प्रोसेसरच्या आसपास डब्यांच्या आकाराचे छोटे कपॅसिटर उभे असतात. प्रवाहातले चढउतार सपाट करणे हे त्यांचे काम. आतले द्रव्य बिघडले की थंडीत त्यांचा अंतर्गत रोध वाढतो आणि प्रवाह खडबडीत होतो. विजेरी लावून पाहिले तर पाच कपॅसिटरांची माथी फुगलेली होती, एकावर तपकिरी खपली धरली होती. १९९९ ते २००७ या सुमारास जगभर निघालेल्या मदरबोर्डांत अशा सदोष कपॅसिटरांचे प्रमाण फार मोठे होते. दादांचे यंत्र नेमके त्या काळातले.

स्टेशनाजवळ दूरचित्रवाणी संच दुरुस्त करणारे एक वयस्कर गृहस्थ आहेत. बोर्ड त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर सारून पाहिले आणि म्हणाले, “मास्तरांचा ना हा? ठेवून जा.” तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, तितक्याच किंवा अधिक व्होल्टचे आणि १०५ अंश तापमान सोसणारे पाच कपॅसिटर त्यांनी आणवले आणि जुने काढून नवे डाग देऊन बसवले. हाताची मजुरी घ्यायला ते तयार नव्हते. दादांनी त्यांच्या मुलीला शिकवले होते.

जानेवारी २०२४ मधल्या एका गार सकाळी वहिनींनी बटण दाबले. एक छोटी शीळ झाली, अक्षरे धावली आणि विंडोज एक्सपीचे चिन्ह उमटले. दुसऱ्या प्रयत्नाची गरज लागली नाही. मायक्रोसॉफ्टने या प्रणालीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली असल्याने आम्ही यंत्राला इंटरनेटच्या वाऱ्यालाही उभे केले नाही. कुलपाची डबी लावली, प्रणाली उघडली आणि सर्व पाने साध्या मजकुराच्या रूपात पेन ड्राइव्हवर घेतली.

तरी काम संपले नव्हते. त्या काळातले मराठी टंक इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवीत. टंक नसेल तर पानभर निरर्थक रोमन चिन्हे दिसत. युनिकोड या जागतिक पद्धतीत १९९१ पासूनच देवनागरीला स्वतःची जागा मिळाली होती, पण जुन्या पद्धतीची सवय आपल्याकडे पुढेही बरीच वर्षे राहिली. रूपांतर करताना गंमत अशी की ‘किनारा’ या शब्दातली ऱ्हस्व वेलांटी जुन्या टंकात ‘क’च्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती ‘क’च्या नंतर येते. रफाराचे याच्या उलट. त्यामुळे रूपांतर करणारी प्रणाली वेलांट्या आणि रफार भलतीकडे ठेवून देते. प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावे लागले. वहिनी वाचीत गेल्या, आम्ही सुधारीत गेलो.

या कामात बसलो असता फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’ची आठवण होत असे. १६१६ साली ते छापले गेले, पण देवनागरी खिळे उपलब्ध नसल्याने रोमन लिपीत. १६४९ आणि १६५४ साली पुन्हा आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही मुद्रणांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हाताने नकला करून ठेवणाऱ्यांमुळे. अशा हस्तलिखितांच्या आधारेच १९०७ साली जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूरला त्याची आवृत्ती काढली. चारशे वर्षांपूर्वी खिळ्यांची अडचण होती, आज टंकाची आहे. त्या नकला करणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, पण त्यांनी वेळेवर केलेले काम ठाऊक आहे.

आपल्या पुष्कळ घरांत असे एखादे जुने यंत्र असेल. त्यात कोणाची पत्रे असतील, कोणाच्या लग्नाची छायाचित्रे, कोणा आजोबांनी लिहिलेली घराण्याची हकीकत. ते सुरू होत नाही म्हणून ते मेले असे समजू नका. आधी डिस्क उतरवून घ्या, मग बॅटरी, स्मृती, कपॅसिटर असे क्रमाने पाहा, आणि स्वतःला जमत नसेल तर डाग देणारा एखादा जाणता हात शोधा. त्या खटपटीचा खर्च बहुधा नव्या यंत्राच्या मानाने किरकोळच येतो. आमचा तसाच आला.

दादांची शेवटची नोंद ‘पाट’ या शब्दाची आहे. ‘रहाटाचे पाणी पन्हळीतून ज्यात पडते व पुढे’ एवढे लिहून ती थांबली आहे. ते अर्धे वाक्य वहिनींनी पुरे केले. त्या बागायतीतच वाढलेल्या, त्यांना पुढचे सर्व ठाऊक होते. आता दर रविवारी दुपारी त्या शब्द सांगतात आणि आम्ही लिहून घेतो. छापील प्रत तीन घरांत ठेवली आहे. सध्या आम्ही ‘भ’पर्यंत आलो आहोत.