अपघाताची नोंद आणि आपली मुले

निकाल लागला की पालक आम्हाला एकच प्रश्न विचारतात, "सर, आता पुढे काय?" डॉक्टर, अभियंता आणि स्पर्धा परीक्षा ही तीन उत्तरे त्यांच्या मनात आधीच ठरलेली असतात. या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही चौथे उत्तर मांडू इच्छितो : मनुष्यबळ विभागातील कामगार कल्याण, अपघात-भरपाई आणि औद्योगिक सुरक्षा. इतिहास शिकविणाऱ्याने नोकरीचा सल्ला द्यावा याचे काहींना नवल वाटेल. परंतु या क्षेत्राच्या दाराशी आम्हाला इतिहासानेच आणून सोडले.

सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सिद्ध केले. त्यातील साप्ताहिक सुट्टीची मागणी सर्वांना ठाऊक आहे. दुसरी मागणी फारशी कोणी सांगत नाही. कामावर जखमी झालेल्या कामगारास तो बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि जन्माचे अपंगत्व आलेल्याच्या उपजीविकेची तरतूद व्हावी, अशी ती मागणी होती. सुट्टी १८९० साली मिळाली. भरपाईच्या कायद्यासाठी मात्र १९२३ साल उजाडावे लागले. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेब डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले. आणि १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. कायद्याची कलमे कामगाराच्या अंगाखांद्यावर काय घडते ते पाहून लिहावी लागतात, हे आम्ही वर्गात या प्रसंगावरून शिकवीत आलो.

त्या कलमांचे मोल आम्हाला प्रत्यक्ष कळले ते २०२२ च्या गळीत हंगामात. आमच्या परिचयातील एका कुटुंबाचा तीस वर्षांचा मुलगा एका साखर कारखान्यात ठेकेदारामार्फत कामास होता. ऊसवाहक पट्ट्याच्या साखळीत त्याच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. ठेकेदाराने वीस हजार रुपये दिले आणि 'माझी काही तक्रार नाही' अशा कागदावर अंगठा घेतला. सही करणारी बोटेच उरली नव्हती. कागद घेऊन वडील आमच्याकडे आले, तेव्हा "आता काही होत नसेल ना, सर?" एवढेच ते म्हणाले.

आम्ही कायदा उघडून बसलो. हक्क सोडून देणारा असा करार या कायद्यापुढे रद्दबातल ठरतो. ठेकेदाराच्या माणसाची जबाबदारी मूळ मालकावरही येते. मालकाने भरपाई द्यावी आणि ती ठेकेदाराकडून वसूल करावी. एका हाताची तीन बोटे गेल्यास कमावण्याची क्षमता तीस टक्के घटली असे परिशिष्ट सांगते. मुलाची मजुरी महिना १२,००० रुपये. तिचे साठ टक्के ७,२००. तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८. गुणाकाराचे तीस टक्के काढले, तेव्हा आकडा आला ४,४९,२३६ रुपये. वडिलांनी तो आमच्याकडून दोनदा वाचून घेतला.

ठेकेदार म्हणत होता की मुलगा त्या दिवशी कामावर नव्हताच. त्याचे म्हणणे टिकले नाही, याचे कारण अपघात नोंदवहीतील एक ओळ. कामगार विभागातील एका तरुण अधिकाऱ्याने त्याच दिवशी वेळ, जागा आणि जखम जशीच्या तशी लिहून ठेवली होती. तसे लिहू नये असे त्याला सुचविण्यात आले होते, हे आम्हाला नंतर समजले. रक्कम हाती पडण्यास दोन वर्षे लागली, पण पडली. तो अधिकारी आपल्या विद्यालयाचा नव्हता. आम्ही त्याला पुन्हा भेटलोही नाही.

अशी माणसे तयार करण्याची वाट अवघड नाही. कला वा वाणिज्य शाखेच्या पदवीधरास समाजकार्य किंवा श्रमविज्ञान या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेता येते. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे; परळला लोखंड्यांच्याच नावाची महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था आहे. अभियांत्रिकी वा विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यास औद्योगिक सुरक्षेची पदविका घेऊन सुरक्षा अधिकारी होता येते. शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत तिचे शिक्षण मिळते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पाचशे कामगारांमागे कल्याण अधिकारी आणि हजार कामगारांमागे सुरक्षा अधिकारी सक्तीचा केला होता. २०२० च्या संहितेने या मर्यादा अडीचशे आणि पाचशेवर आणल्या. शिवाय सुरक्षा अधिकाऱ्यास बहुसंख्य कामगारांची भाषा यावी लागते. मराठी माध्यम आडवे येईल ही पालकांची धास्ती येथे तरी अनाठायी आहे.

एक गोष्ट लपवून ठेवणे योग्य नव्हे. या अधिकाऱ्याचा पगार मालक देतो, आणि अपघात झाल्या दिवशी त्याला दोन्ही बाजूंनी ओढले जाते. म्हणूनच केवळ पदवी पुरेशी नाही. खरे ते लिहिण्याची सवय लागते, आणि ती वसतिगृहाच्या हजेरीपटापासून लागते.

गटारात उतरून मरण पावलेल्या सफाई कामगाराच्या कुटुंबास तीस लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. मरणारे बहुतेक कोणत्या वस्त्यांतील असतात, हे या स्मरणिकेच्या वाचकांस सांगावयास नको. भरपाई म्हणजे सुरक्षा अपयशी ठरल्याची किंमत होय. ती पुरती वसूल करणारा अधिकारी हवाच. पण माणूस खाली उतरण्याआधी "थांबा, हे काम यंत्राने होईल" असे अधिकाराने सांगणारा त्याहून अधिक हवा. माजी विद्यार्थ्यांपैकी जे कारखान्यांत आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस विद्यालयात येऊन नववी-दहावीच्या मुलामुलींना आपले काम समजावून द्यावे, एवढीच आमची विनंती आहे. वर्ग आम्ही मोकळा ठेवू.