संघ सोडणारा गडी

या स्मरणिकेत संस्थेच्या वाटचालीविषयी, दात्यांविषयी आणि गुणवंत विद्यार्थ्यांविषयी अधिकारी व्यक्ती लिहितीलच. आम्ही लेखासाठी क्रिकेटपटूंच्या अदलाबदलीचा विषय सुचविला, तेव्हा संपादक मंडळींनी जरा चमकून पाहिले. इतिहासाच्या शिक्षकाने आयपीएलवर लिहावे, हे स्मरणिकेच्या गांभीर्याला शोभेल काय, अशी शंका त्यांना आली असावी. परंतु आमच्या वसतिगृहात मुले ज्या प्रश्नावर सर्वांत मनापासून भांडतात, तो प्रश्न हाच आहे. जो खेळाडू मनाने संघातून उठला आहे, त्याला जाऊ देणे शहाणपणाचे, की अडवून धरणे? अलीकडच्या माजी विद्यार्थ्यांना हा वाद आठवत असेल. ताटे धुण्याच्या रांगेत सुरू होतो आणि दिवे मालवल्यावरही पांघरुणाखाली चालू राहतो.

श्रीपूरला या वादाचा हंगामही ठरलेला आहे. कोणते खेळाडू राखले, कोणते सोडले आणि कोणते दुसऱ्या संघाला दिले, हे आयपीएलमध्ये बहुधा नोव्हेंबरात जाहीर होते. त्याच सुमारास कारखान्याचे गाळप सुरू झालेले असते. बाहेरच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या उतरलेल्या असतात, आणि उसाने भरलेल्या गाड्यांमुळे शाळेच्या सहलीची बस वेळेवर निघत नाही. आमच्या गावाच्या नावामुळे पुण्या-मुंबईचे लोक आम्हांस श्रीरामपूरचे समजतात आणि ‘झहीर खान तुमच्याच गावचा ना?’ असे विचारतात. तो श्रीरामपूरचा, नगर जिल्ह्यातला. पण गंमत अशी की या विषयात त्याचेही नाव येते. २००९ मध्ये बंगळूर संघाने झहीरला मुंबईकडे दिले आणि मुंबईने रॉबिन उथप्पाला बंगळूरकडे. खेळाडूच्या बदल्यात खेळाडू, म्हणून तो व्यवहार मुलांना चटकन समजतो.

आमच्या आताच्या मुलांचे पानिपत म्हणजे हार्दिक पंड्याचे प्रकरण. हार्दिक २०१५ पासून मुंबईकडे खेळत होता. २०२२ च्या हंगामाआधी मुंबईने त्याला राखले नाही. नव्याने निघालेल्या गुजरात संघाने त्याला कर्णधार केले आणि पहिल्याच वर्षी त्याने अजिंक्यपद आणून दिले. दुसऱ्या वर्षी गुजरात पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचला आणि चेन्नईकडून अखेरच्या चेंडूवर हरला. असा कर्णधार नोव्हेंबर २०२३ मध्ये गुजरातने मुंबईला देऊन टाकला. बदल्यात खेळाडू एकही घेतला नाही, केवळ पैसा. त्याला आपल्या मूळ संघाकडे परतण्याची इच्छा होती आणि तिचा आम्ही मान राखला, असे गुजरातच्या संघसंचालकांनी सांगितले. पुढे १५ डिसेंबरला मुंबईने पाच अजिंक्यपदे जिंकून देणाऱ्या रोहित शर्माला कर्णधारपदावरून बाजूला करून तेथे हार्दिकला बसविले.

वसतिगृहाचे दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे, गुजरातने घोडचूक केली. दोन वर्षांत दोन अंतिम सामने गाठून देणारा कर्णधार कोणी सोडतो काय? त्याची नाराजी काढायची, हवे ते द्यायचे, नाहीच ऐकले तर करारावर बोट ठेवायचे. दुसरा तट म्हणे, ज्याचे चित्त वानखेडेवर, त्याला अहमदाबादेत उभे करून उपयोग काय? तो झेल घेईल, धावाही काढील, पण नवख्या गोलंदाजाच्या खांद्यावर हात ठेवणार नाही. मुंबईच्या चाहत्यांत आणखी एक तिसरा तट होता, त्याला गुजरातचे काहीच देणेघेणे नव्हते. त्याचा राग रोहितसाठी होता. आमच्याकडचे बहुसंख्य त्याच तटाचे.

२०२४ चा हंगाम संपला तेव्हा प्रत्येक तटाने निकाल आपल्या बाजूने वाचला. गुजरात आठवा आला; पाहा, कर्णधार घालविला. मुंबई दहा संघांत दहावी आली. पाहा, नाराज माणूस नेला तेथेही नाराजीच पसरवितो. आम्ही मुलांना सांगितले, की इतिहासात ‘नंतर घडले’ आणि ‘त्यामुळे घडले’ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. त्या वर्षी गुजरातचा प्रमुख वेगवान गोलंदाज मोहम्मद शमी दुखापतीमुळे एकही सामना खेळला नव्हता. त्याची भर कोणत्या खात्यावर टाकायची? शिवाय २०२५ मध्ये हेच दोन संघ बाद फेरीत समोरासमोर आले, मुंबईने गुजरातला हरविले आणि दोन दिवसांनी स्वतःही हरली. एवढ्या उलटसुलट पुराव्यावर निवाडा देण्यास कोणताही इतिहासकार धजणार नाही. दहावीची मुले मात्र धजतात, आणि ते एका अर्थी बरेच आहे.

आमचे स्वतःचे मत विचाराल तर गुजरातने केले ते योग्यच केले. मात्र त्याचे कारण गुणतालिकेत शोधू नये. जाऊ इच्छिणाऱ्यास जाऊ देणे हा केवळ हिशेबाचा प्रश्न आहे, असे आम्हांस वाटत नाही. आणि हे आम्हांस कोणत्याही क्रिकेट समालोचकाने शिकविले नाही. ते आठवीतल्या एका मुलाच्या प्रश्नातून उमगले.

वाद रंगात आला असता त्याने शांतपणे विचारले, ‘सर, म्हणजे हार्दिकची उचल फिटली होती का?’

मोठी मुले हसली. आम्ही हसलो नाही. त्या मुलाचे आईवडील ऊसतोडीला जातात. या स्मरणिकेच्या वाचक पालकांपैकी अनेकांना उचल म्हणजे काय ते समजावून सांगण्याची गरज नाही. शहरात स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या मुलांसाठी दोन शब्द लिहितो. हंगामाआधी मुकादम नवराबायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, ठरावीक रक्कम आगाऊ देतो. ती उचल. मग टनामागे जो दर बसेल त्यातून ती फेडायची. आजारपणाने खाडा झाला तर तोही अंगावर. कारखान्याचा पट्टा पडला तरी उचल फिटली नाही, तर उरलेली बाकी पुढच्या वर्षाच्या मानेवर. अशा कोयत्याला मुकादम कितीही नकोसा झाला, तरी ती बाकी भागल्यावाचून दुसऱ्या टोळीत जाता येत नाही. मुलाच्या दृष्टीने हार्दिक हा पंधरा कोटींचा कोयता होता, गुजरात ही टोळी होती, आणि प्रश्न इतकाच होता की मुकादमाने त्याला कसे सोडले.

तुलना अर्थातच विषम आहे. एका बाजूला कोट्यवधी रुपये आणि दुसऱ्या बाजूला पाचटाच्या कोपीत काढलेली थंडी. ती विषमता आम्ही मुलांना दाखवून दिलीच. परंतु प्रश्नाचा गाभा त्या मुलाने बरोबर पकडला होता. मोठी मुले ‘संघाचा फायदा झाला की तोटा’ एवढेच विचारीत होती. तो विचारीत होता की माणसाला निघून जायचे असेल तर ते कोणाच्या हातात असते.

क्रिकेटमध्ये ते कोणाच्या हातात होते, याचा एक दाखला अलीकडचाच आहे. रवींद्र जडेजा २००८ मध्ये अजिंक्यपद जिंकणाऱ्या राजस्थान संघात होता. पुढे त्याने स्वतःच दुसऱ्या संघाशी बोलणी चालविली, म्हणून २०१० चा संपूर्ण हंगाम त्याला खेळू दिले नाही. खेळाडूची अदलाबदल तेव्हाही नियमात बसत होती. आदल्याच वर्षी झहीर आणि उथप्पा यांची झाली होती. म्हणजे संघाने खेळाडू दुसऱ्याला देणे हा व्यवहार ठरला, आणि खेळाडूने आपणहून दुसरे दार ठोठावणे हा गुन्हा ठरला. आज अदलाबदलीला खेळाडूची संमती लागते हे खरे. पण संमती देणे आणि निर्णय घेणे यांत अंतर आहे, हे उचलीच्या कागदावर अंगठा उठविणारा कोणीही सांगेल.

आता शंभर वर्षे मागे जाऊ. मुंबईत चौरंगी सामने भरत तेव्हा संघ चार होते, युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुस्लिम. हिंदू संघाचा सर्वांत समर्थ गोलंदाज होता चर्मकार समाजातील पालवणकर बाळू. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले होते. तत्पूर्वी पुण्यात याच माणसाला चहा मिळे तो मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. चेंडू मात्र सर्वांना त्याच्याच हातचा हवा असे. बाळूचे धाकटे भाऊ शिवराम, गणपत आणि विठ्ठल हेही उत्तम खेळाडू. कर्णधारपद मात्र या घराच्या वाट्याला येईना. १९२० साली बाळूला डावलण्यात आले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि आपली बाजू जाहीरपणे मांडली. बाळूला उपकर्णधार केल्यावर ते परतले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाला आणि त्याच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी युरोपियनांना हरविले.

बाळू पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांविरुद्ध काँग्रेसतर्फे उभा राहिला आणि पराभूत झाला. त्याचे ते राजकारण आम्हांस मान्य नाही. त्यामुळे त्याच्या भावांच्या १९२० च्या कृतीचे मोल कमी होत नाही.

त्या कृतीकडे आजच्या वादाच्या उजेडात पाहावे. विठ्ठल आणि शिवराम नाराज होते, आणि नाराजीला कारण होते. पण त्यांना द्यायचे झाले असते तर कोणत्या संघाला? पारशांचा संघ पारशांचा, मुस्लिमांचा मुस्लिमांचा. खेळाडूची जागा जन्माने ठरलेली. संघ बदलणे अशक्य होते, कारण जन्म बदलणे अशक्य होते. पुढे १९३७ पासून सामने पंचरंगी झाले आणि ‘इतर’ नावाचा पाचवा संघ आला. ख्रिस्ती, ज्यू, बौद्ध असे ज्यांना कोठे जागा नव्हती, त्यांचा. सांगलीच्या विजय हजारे यांनी याच संघाकडून खेळताना १९४३ च्या अंतिम सामन्यात ३८७ पैकी ३०९ धावा एकट्याने काढल्या, तरी संघ हरला. पण तो संघही जन्मावरच बेतलेला होता. चौरंगीत नाराज माणसापुढे दोनच वाटा होत्या, सोसणे किंवा घरी बसणे. दोघा भावांनी घरी बसण्याचे धाडस केले आणि निवड समितीला झुकावे लागले.

अमेरिकेत याची उलट बाजू दिसते. बेसबॉलचा कृष्णवर्णीय खेळाडू कर्ट फ्लड याला १९६९ मध्ये सेंट लुईसच्या संघाने फिलाडेल्फियाकडे देऊन टाकले. त्याला जायचे नव्हते. आपण खरेदी-विक्रीची वस्तू नाही, असे त्याने बेसबॉलच्या आयुक्तांना पत्राने कळविले आणि तो न्यायालयात गेला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला, त्याची कारकीर्द त्याआधीच आटोपली होती. त्याच्या मागून आलेल्या खेळाडूंना मात्र काही वर्षांतच करार संपल्यावर मोकळे होण्याचा हक्क मिळाला. दहावीच्या वर्गाला हे सांगितले तेव्हा, तोवर करारावर बोट ठेवा म्हणणाऱ्या मुलाने विचारले, ‘सर, तो हरला तर बाकीच्यांना कसे मिळाले?’ त्या प्रश्नावर आमचा एक पूर्ण तास गेला आणि अभ्यासक्रम तेवढा मागे पडला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये वाद पुन्हा पेटला. संजू सॅमसनला राजस्थान सोडायचे आहे, अशा बातम्या महिनोन्महिने येत होत्या. अखेर तो चेन्नईकडे गेला, आणि बदल्यात राजस्थानला मिळाला तोच रवींद्र जडेजा, ज्याला कधीकाळी हा संघ सोडण्याच्या खटपटीपायी वर्षभर घरी बसावे लागले होते. सोबत इंग्लंडचा सॅम करन. राजस्थानने आपला कर्णधार दिला हे शहाणपण की वेडेपणा, यावर मुलांनी रविवारी रीतसर वादसभा घेतली. पूर्वीप्रमाणे फायद्या-तोट्याचे आकडे निघालेच. चेन्नईच्या चाहत्यांना जडेजा गेल्याचे दुःख होते, ते त्यांनी भरपूर मांडले. मात्र या खेपेस ‘संजूला जायचे होते, मग प्रश्न कुठे उरला?’ असे म्हणणारेही निम्मे होते, आणि त्यांत केवळ टोळ्यांची मुले नव्हती.

सभा संपत आली तेव्हा उचलीविषयी विचारणारा तो मुलगा, आता दहावीत गेलेला, उठून उभा राहिला. संजूला जायचे होते, जडेजा जुन्या घरी आला, हे सर्व त्यास मान्य होते. ‘पण त्या सॅम करनला कुणी विचारलं का, सर?’

नियमाप्रमाणे विचारले असणार, असे आम्ही सांगितले. तो मान डोलावून खाली बसला, आणि शेजारच्याला म्हणाला, ‘नियमाप्रमाणे तर आमच्या आण्णालाबी इच्यारत्यात.’